लाईट परत येते तेव्हा

मे सरता सरता रावेर-यावल पट्ट्यात वादळ आलं की केळीच्या बागा आडव्या होतात आणि लाईट जाते. अशाच एका रात्री मामाचा टीव्ही जळाला, तोही लाईट गेली तेव्हा नाही, दोन तासांनी आली तेव्हा. घरात इन्व्हर्टर होता, १५० एएचची बॅटरी होती. पण वायरमनने त्यावर फक्त पंखे आणि ट्यूब घेतल्या होत्या. टीव्हीचा सॉकेट थेट मेनवर होता. खानदेशात बहुतेक घरांत हेच दिसतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण ८० ते १०० वॅट घेतो, म्हणजे जुन्या पंख्यापेक्षा थोडाच जास्त.

वादळात डीपीजवळची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळची, न्यूट्रलची (वीज परत नेणारी) तार तुटली, तर लाईट येताना घात होतो. आपल्या घरी २३० व्होल्ट येतात, पण दोन फेजांमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन तारांमध्ये, ४०० असतात. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट! रात्री नुसता टीव्ही चालू असलेलं घर नेमकं त्यात सापडतं. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) २३० व्होल्टच्या लाईनवर सुमारे ३२५ पर्यंत भरतो. लाईन ४००च्या जवळ गेली की हाच आकडा साडेपाचशेच्या पुढे जातो, आणि कपॅसिटर असतो बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टचा. तो फुगतो, फुटतो.

इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं एक बटण असतं. यूपीएसवर ठेवलं, तर व्होल्टेज साधारण १८० ते २६० च्या बाहेर जाताच तो मेन तोडून बॅटरीवर जातो, तेही दहा-एक मिलिसेकंदात. विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, त्यामुळे सेटटॉप बॉक्स बंदसुद्धा पडत नाही. नॉर्मलवर मात्र तो २८० च्या आसपासपर्यंत सगळं आत सोडतो. स्पीकरमध्ये घरघर येत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे मेनसारखी गुळगुळीत लहर न देणारा, असेल. टीव्हीसाठी साइन वेव्हचाच घ्यावा.

आभाळातल्या विजेचा झटका मात्र इन्व्हर्टरमधल्या रिलेपेक्षा (मेन तोडणाऱ्या स्विचपेक्षा) कितीतरी वेगवान. तिथे स्पाइक गार्ड (झटका अडवणारा प्लगबोर्ड) थोडीफार मदत करतो, पण त्याला झटका जमिनीत सोडायला चांगलं अर्थिंग लागतं. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि नेमकं वादळाच्या तोंडावर अर्थिंग कमजोर होतं. मामा आता चैत्रापासूनच अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततो. टीव्हीचा सॉकेट त्याने इन्व्हर्टरवर घेतलाय, बॅटरी पत्र्याखालून काढून ओसरीच्या सावलीत, वारं लागेल अशी ठेवलीय. आणि दूरवर गडगडलं, की प्लगसोबत छतावरच्या डिशची केबलही काढतो.