दमा कामामुळे जडला की कामाने बळावला?

दोन कामगार घ्या: एकाला दमा कामामुळेच जडला, दुसऱ्याचा जुना दमा कामाने बळावला. दोघांनाही कामावर धाप लागते, सुट्टीत बरं वाटतं, दोघांच्या खिशात पंपही तोच. डॉक्टरांच्या कागदावर दोघांच्या नावापुढे ‘दमा’ एवढंच लिहिलेलं असतं. सरकारी नुकसानभरपाईचा अर्ज भरताना मात्र हे दोन वेगळे आजार ठरतात.

पहिला, कामामुळेच जडलेला. बेकरीत पीठ मळणाऱ्याचं बघा. सुरुवातीचे काही महिने, कधी काही वर्षं, त्याला काहीच होत नाही. मग पोतं फोडलं की शिंका येतात, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. पुढे रात्रीचा खोकला सुरू होतो. शरीराने एकदा पिठाशी वैर धरलं की हवेत उडालेलं चिमूटभर पीठही छाती आवळायला पुरतं. स्प्रे पेंटमधलं आयसोसायनेट हे रसायन, लॅटेक्सचे हातमोजे, काही लाकडांचा भुसा यांचंही असंच. क्लोरीनसारखा वायू एकदाच जबर प्रमाणात छातीत गेला, तर चोवीस तासांतही दमा सुरू होऊ शकतो. कामातल्या अशा पदार्थांनी होणारा दमा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे.

दुसऱ्यात दमा आधीपासूनच असतो. धूळ, धूर, गार हवा, अंगमेहनत यांनी तो उसळतो. त्रास देणारी गोष्ट दूर केली की बहुधा पूर्वपदावर येतो. अनेक योजना याला व्यवसायजन्य आजार मानतच नाहीत. काही ठिकाणी उसळलेल्या काळापुरता औषधोपचार आणि बुडालेली मजुरी मिळते. पहिल्यात माणसाचा हातचा धंदाच सुटतो, म्हणून तिथे कायमच्या अपंगत्वाचा आणि नवं काम शिकण्याच्या खर्चाचा प्रश्न येतो.

खरा घोळ होतो तो “लहानपणी दमा होता का?” या प्रश्नावर. कामगार प्रामाणिकपणे “हो” म्हणतो आणि त्याचं प्रकरण दुसऱ्या खात्यात जातं. पण जुना दमा असलेल्यालाही कामावरच्या पदार्थाची नवी ॲलर्जी होऊ शकते. त्या एका “हो”वर दावा फेटाळला जाणं मला सरळ अन्याय वाटतो.

यावर उपाय नोंदींचा. पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे फुंकरीचा वेग मोजणाऱ्या छोट्या यंत्रात, दिवसातून किमान चारदा फुंकायचं, दोन ते चार आठवडे, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीतही. सुट्टीच्या रविवारी 450 आणि कामाच्या गुरुवारी 320 (मिनिटाला लिटर) असे आकडे पुन्हा पुन्हा आले, तर कामाशी संबंध दिसतो. मात्र असा उतार दोन्ही प्रकारांत येतो. म्हणून त्या ठरावीक पदार्थाची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी उपलब्ध असेल तर तीही हवी. हे सगळं नोकरी सोडण्याआधी, पण लवकर करायला हवं; नंतर कामावरचे आकडे मिळत नाहीत, आणि संपर्क जितका लांबतो तितकी बरं होण्याची आशा कमी होते.

अर्जात “धुळीचा त्रास” असं मोघम लिहू नका. डब्यावरचं, पोत्यावरचं नाव जसंच्या तसं उतरवा, ते हाताळायला कधी लागलात तो महिना लिहा आणि पहिली शिंक कधी आली तेही.