लांब पल्ल्याची धाव आणि नाजूक पोट : पार्श्वभूमी

नाशिकच्या धावण्याच्या परंपरेचा विषय निघाला की हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांचे नाव आदराने घेतले जाते. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. ती शर्यत अर्ध्या तासाच्या आसपास संपते आणि तेवढ्या वेळासाठी शरीरातला साठा पुरेसा असल्यामुळे धावताना काही खाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र नोकरी-धंदा सांभाळून ४२ किलोमीटर धावणारे पुष्कळ नाशिककर तयार झाले आहेत, आणि त्यांना रस्त्यावर चार-पाच तास काढावे लागतात. ज्यांचे पोट मुळातच नाजूक आहे त्यांना तिसाव्या किलोमीटरनंतर मळमळ, कळा किंवा जुलाब यांनी शर्यत सोडावी लागते, आणि ‘पोट कच्चे आहे’ एवढेच बोलून त्यांची बोळवण होते. ही बोळवण अन्यायाची आहे, कारण धावपटूंच्या आहाराच्या इतिहासात पोटाचा विचारच फार उशिरा सुरू झाला.

१९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन कडक उन्हात, धुळीच्या रस्त्यावर झाली आणि वाटेत पाणी मिळण्याची सोय जवळजवळ नव्हती. विजेते टॉमस हिक्स यांना त्यांच्या मदतनिसांनी धावता धावता अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि चक्क स्ट्रिकनीन हे विष थोड्या मात्रेत दिले. त्या काळी ही उत्तेजक औषधयोजनाच समजली जात असे. साखरेकडे लक्ष गेले ते त्यानंतर दोन दशकांनी. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर तिथल्या डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा जे अगदी गळून गेले होते त्यांच्या रक्तातील साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी कर्बोदकयुक्त आहार आणि वाटेत गोळ्या-मिठाई देण्यात आली आणि त्यांची अवस्था स्पष्टपणे सुधारली. लांब धावेत साखर लागते हे १९२५ मध्येच दिसले होते, तरी शर्यतींच्या आयोजनावर त्याचा परिणाम होण्यास कित्येक दशके गेली.

१९६६ मध्ये स्वीडनचे संशोधक बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमान यांनी स्वतःवरच प्रयोग केला. दोघांनी एकच सायकल एकेका पायाने चालवून तो पाय पूर्ण थकवला, मग कर्बोदके भरपूर खाल्ली आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले. थकवलेल्या पायात ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, साठा विश्रांती दिलेल्या पायाच्या जवळपास दुपटीने वाढला होता. यातून शर्यतीपूर्वी तीन दिवस कर्बोदके टाळायची आणि पुढचे तीन दिवस ती भरभरून खायची ही पद्धत रुजली. इंग्लंडचे रॉन हिल १९६९ मध्ये अथेन्सची युरोपीय मॅरेथॉन याच पद्धतीने जिंकले. पुढे १९८० च्या दशकात साखरेच्या दाट, पिळून खायच्या जेलच्या पुड्या आल्या. या संपूर्ण काळात प्रश्न एकच होता : आत जास्तीत जास्त किती घालता येईल? आत गेलेले शोषले जाते की नाही, याचा शोध दुसऱ्याच क्षेत्रात, अतिसाराच्या उपचारांत चालू होता.

जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे अशी मांडणी केली, की आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज सोडियमच्या जोडीने आत जाते. याच तत्त्वावर मीठ-साखरेचे पाणी उभे राहिले, आणि १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी त्याच्या बळावर पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. धावपटूचे पेय त्याच वाटेने रक्तात जाते. मात्र येथे नाशिकमध्ये सर्रास होणारा एक गैरसमज दूर केला पाहिजे, तो म्हणजे ओआरएस, अर्थात हेच मीठ-साखरेचे पाणी, लांब धावेला पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असते. ते पाणी आणि क्षार उत्तम भरून काढते, पण चार तासांच्या धावेचे इंधन म्हणून अगदीच अपुरे पडते. उलट भरीला घातलेले घट्ट सरबत पोटातून लवकर पुढे सरकत नाही आणि शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते. लिटरला साठ ते ऐंशी ग्रॅम साखर ही बहुतेकांना पेलणारी मर्यादा आहे.

ग्लुकोजला आतड्यातून आत घेणारे हे दार तासाला सुमारे साठ ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ शकत नाही. फ्रुक्टोज या फळांतल्या साखरेसाठी दुसरे दार असल्यामुळे दोन्ही शर्करा एकत्र दिल्यास तासाला नव्वद ग्रॅमपर्यंत मजल जाते, हे बर्मिंगहॅम विद्यापीठात युकेंड्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवले. आपली साधी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज समप्रमाणात जोडूनच बनलेली असते. म्हणून मीठ घातलेले लिंबू सरबत योग्य प्रमाणात केले तर ते महागड्या पेयापेक्षा मागे पडत नाही. मधात फ्रुक्टोज जास्त असते, त्यामुळे नाजूक पोटाला तो सोसेलच असे नाही.

धावताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्याचा पुरवठा बराच घटतो, आणि त्यातच सतत हादरे बसतात. अशा वेळी मोठ्या आतड्यात आंबणारे अन्न शिल्लक असेल तर त्रास अटळ होतो. या आंबणाऱ्या कर्बोदकांना ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये ‘फॉडमॅप’ हे एकत्रित नाव मिळाले, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पोटाचा त्रास असलेल्या ११ हौशी धावपटूंपैकी बहुतेकांना सहा दिवस असे पदार्थ कमी केल्यावर आराम पडला. कांदा, लसूण, गहू, मटकी, हरभरा, दूध, खजूर, मनुका हे सारे या वर्गातले. लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांदा टाळणे अवघड आहे, हे मान्य. तो कायमचा सोडण्याची गरजही नाही. लांब धावेच्या आदले एक-दोन दिवस सांभाळले तरी पुष्कळ फरक पडतो. रविवारची मिसळ धावून आल्यावर खुशाल खावी, शनिवारी रात्री नको.

याबाबतीत आपल्या उपवासाच्या ताटाकडे अधिक गांभीर्याने पाहावे असे मला मनापासून वाटते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करणारे हजारो भाविक रात्रभर चालतात, आणि त्यांच्याजवळ साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू असतात. कांदा-लसूण नाही, गहू नाही, डाळ नाही. साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च असल्याने तो सहज पचतो. चालणाऱ्याला खिचडीतले शेंगदाणे आणि तूप चालून जाते. धावणाऱ्याने ते अगदी कमी करावे, कारण स्निग्ध पदार्थ पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतात. शर्यतीच्या पहाटे भाताची मऊ पेज आणि फार न पिकलेले केळे हेही असेच निर्धोक.

आतड्याला सराव देता येतो, हा या इतिहासातला अगदी अलीकडचा आणि नाजूक पोटाच्या माणसाला सर्वाधिक दिलासा देणारा भाग. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात धावपटूंना दोन आठवडे धावताना मुद्दाम भरपूर कर्बोदके देण्यात आली, आणि त्या अवधीत त्यांच्या तक्रारीही घटल्या व शोषणही सुधारले. तेव्हा लांब सरावाच्या दिवशी उपाशीपोटी धावून शर्यतीच्या दिवशी एकदम जेल घेणाऱ्याचे आतडे तयारीशिवायच परीक्षेला बसते. सुरुवात तासाला वीस-तीस ग्रॅमपासून करून दर आठवड्याला थोडे वाढवावे, आणि जे पेय शर्यतीत घ्यायचे तेच सरावात घ्यावे. नाशिककरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे : आपला सराव डिसेंबरच्या कोरड्या थंडीत होतो आणि मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, पण समुद्रकाठच्या दमट हवेत असते. उष्म्यात आतड्याचा रक्तपुरवठा आणखी घटतो, म्हणून गंगापूर रस्त्यावर पहाटे सोसलेले प्रमाण मरीन ड्राइव्हवर सोसेलच असे नाही. शेवटच्या महिन्यातले एक-दोन लांब सराव ऊन चढल्यावर करून तेच पेय तेव्हा पिऊन पाहावे, आणि त्या दिवशी पोटाने जेवढे घेतले तेवढेच प्रमाण मुंबईसाठी ठरवावे.