‘वॉर्ड समिती’ म्हणजे नेमकी कुठली? : पार्श्वभूमी

पणजी, मडगाव, म्हापसा किंवा वास्कोत एखाद्या नागरिक समितीने तुंबलेल्या गटारावर वा झोन बदलावर (जमीन कशासाठी वापरायची ते बदलण्यावर) पत्र दिले की एक सवाल हमखास येतो: तुमची समिती कोणत्या कायद्याखाली? या सवालाची मुळे 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीत आहेत. तरी सुरुवात गावकारीपासून, म्हणजे गावच्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेपासून, करायचा प्रघात आहे.

गावकारीच्या चालीरीती 1526 च्या फोरालमध्ये, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, लिहून काढल्या गेल्या. बैठकीत मान मात्र गावकारांचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या पुरुषांचा. नुसता गावात राहतो म्हणून कुणाला बोलता येत नसे. ‘आमच्याकडे लोकशाही जुनीच’ हे भाषणात छान वाटते, पण रहिवासी आणि गावकार हा फरक त्यात गाळला जातो. कोमुनिदाद (गावकारीचे पोर्तुगीज नाव) आज जमीन आणि झोण, म्हणजे उत्पन्नातला गावकारांचा वाटा, यांपुरती उरली आहे.

गोवा मुक्तीनंतर 1962 मध्ये पंचायती आल्या, 1968 मध्ये पालिका कायदा, 1994 मध्ये पंचायत राज कायदा. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात रविवारी ग्रामसभा भरते आणि गावचा प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. तिथला निर्णय नियमांविरुद्ध नसेल तर पंचायतीला बांधील. पणजीलगतच्या ताळगावचा मतदार उठून सरपंचाला जाब विचारू शकतो. हद्द ओलांडून पणजी महापालिकेत आला की त्याच माणसाच्या हाती फक्त अर्ज उरतो.

हे असे का, याचे उत्तर त्याच 74 व्या दुरुस्तीने घटनेत आलेल्या कलम 243-एसमध्ये सापडते. 3 लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या पालिकेत वॉर्ड समित्या नेमाव्यात, असे ते सांगते. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 15 लाखांच्या आत होती. वास्को जिच्यात येते ती मुरगाव पालिका लाखालाही पोहोचली नव्हती, पणजी 40 हजारांच्या आसपास. म्हणजे मोठ्या महानगरांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली ही रेषा गोव्यातले एकही शहर ओलांडत नाही. याहून लहान शहरांसाठी समित्या नेमायला घटनेने राज्याला मनाई केलेली नाही, हे सहसा सांगितले जात नाही. दुसरी बाजूही पाहायला हवी: त्या कलमातल्या समितीत नगरसेवक असतोच, आणि समिती एकाच वॉर्डाची असेल तर अध्यक्षही तोच. ज्याच्याकडे गाऱ्हाणे न्यायचे तोच बैठक चालवणार. स्वयंसेवी समितीला अधिकार नाहीत, पण निदान तो पेच तरी नाही.

त्यात शब्दाचा गुंता. ‘वॉर्ड समिती’ म्हटले की कुणी घटनेतली समजतो, कुणी नगरसेवकाने निवडणुकीनंतर जमवलेले मंडळ, तर कुणी वाड्यावरच्या रहिवाशांची. वाडा आणि वॉर्ड एक नव्हेत. वॉर्डाच्या सीमा फेररचनेत सरकतात, वाडा दोन वॉर्डांत विभागला जातो आणि गटार कुणाचे यावर दोन नगरसेवक एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून जाणत्या समित्या नावात वॉर्ड क्रमांक घालत नाहीत.

1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण मिळून संस्था नोंदवू शकतात. त्याने संस्थेच्या नावाने बँक खाते निघते. पालिकेच्या बैठकीत बसायला खुर्ची मिळत नाही. व्यवस्थापन मंडळाची यादी दर वर्षी द्यायची असते. ती राहून जाते आणि नेमके कोर्टात जायच्या वेळी जुने-नवे कार्यकारी मंडळ असा वाद उभा राहतो.

रोजचे काम कागदाचे. एका पत्रात एकच विषय, कारण पाच विषयांचे पत्र पहिल्याच टेबलावर मुरते. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर इनवर्ड (आवक) क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. उत्तर नाही आले तर तोच क्रमांक टाकून माहिती हक्काचा अर्ज करायचा, 10 रुपये भरून. अर्ज समितीच्या नावाने नको, सदस्याच्या नावाने हवा, कारण 2005 च्या कायद्यात हक्क नागरिकाला आहे. (गोव्याचा स्वतःचा माहिती हक्क कायदा त्याही आधीचा, 1997 चा.)

नकाशा वाचायची सवय गावांना लागली ती प्रादेशिक आराखड्यामुळे, म्हणजे राज्यातली कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशांमुळे. 2011 सालापर्यंतसाठी आखलेला आराखडा आंदोलनानंतर 2007 मध्ये मागे घेतला गेला आणि 2021 सालापर्यंतच्या आराखड्याच्या मसुद्याचे नकाशे गावोगाव सूचनांसाठी गेले. ओडीपीखालच्या (शहरांसाठीच्या वेगळ्या विकास आराखड्याखालच्या) शहरांची ती तालीम झाली नाही. 2024 पासून नगरनियोजन कायद्यातल्या 39-ए कलमाखाली झोन बदलाच्या सूचना राजपत्रात येतात आणि हरकतींना 30 दिवस मिळतात. त्यात गावात सर्व्हे नंबर असतो, शहरात पीटी शीट (शहर मोजणीच्या नकाशाचे पान) आणि चलता नंबर (त्या पानावरचा भूखंड क्रमांक). वाड्यावर ती जागा ओळखतात ‘तळीमागची’ म्हणून. नंबर जुळवून ही जागा तीच, हे शेजाऱ्यांना दाखवीपर्यंत आठ-दहा दिवस जातात; हरकत लिहायला उरतात वीसच.