क्रिटिकल: एका शब्दाची पार्श्वभूमी

पेशंट क्रिटिकल आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारला ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी क्रिटिकल झाली, तेव्हा मात्र ती आनंदाची बातमी होती. अणुभट्टीची बातमी वाचताना आपली गल्लत होते ती इथेच. मानखुर्द-चेंबूरकडच्या आम्हा लोकांना तरी या शब्दाचा खरा अर्थ ठाऊक हवा, असं मला मनापासून वाटतं.

क्रिटिकलचा अर्थ कळायला आधी साखळी समजायला हवी: एक अणुकेंद्र फुटल्याने दुसरं फुटतं, त्याने तिसरं. या साखळीची कल्पना १९३३ सालची. एका न्यूट्रॉनने अणुकेंद्र फुटलं आणि त्यातून दोन न्यूट्रॉन सुटले, तर पुढे काय होईल, हा विचार भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांना लंडनमध्ये सुचला. असं फुटणारं मूलद्रव्य कोणतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. १९३८च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना युरेनियममधून बेरियम मिळालं. केंद्रच दुभंगलं आहे, हा त्याचा अर्थ लिझे माइट्नर आणि ऑटो फ्रिश यांनी लावला. दर विखंडनात, म्हणजे केंद्र फुटण्यात, सरासरी अडीच न्यूट्रॉन सुटतात, हेही लवकरच कळलं.

मग युरेनियमचा प्रत्येक तुकडा पेट का घेत नाही? कारण सगळेच न्यूट्रॉन कामी येत नाहीत. लोकलच्या डब्यात दाराशी उभा असलेला पटकन उतरतो, मधे अडकलेला धक्के खात राहतो. तसंच हे. लहान तुकड्यात बरेचसे न्यूट्रॉन ‘दाराशी’च असतात आणि कुणाला न धडकता निसटतात. तुकडा मोठा झाला की निसटणाऱ्यांचं प्रमाण घटतं, आणि एका टप्प्यावर जमाखर्च बरोबर जुळतो: दर विखंडनातला सरासरी एक न्यूट्रॉन पुढचं विखंडन घडवतो आणि साखळी आपोआप चालू राहते. हीच ‘क्रिटिकल’ अवस्था. तिथवर पोचायला लागणारं वस्तुमान, तेच क्रांतिक वस्तुमान. शुद्ध युरेनियम-२३५च्या (युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार) उघड्या गोळ्यासाठी ते सुमारे ५२ किलो आहे, प्लुटोनियम-२३९साठी साधारण १०. पण हे आकडे घोकून उपयोग नाही. गोळ्याभोवती न्यूट्रॉन परतवणारं कवच घातलं की आकडा निम्म्याहून खाली येतो. तेच युरेनियम-२३५ पाण्यात द्रावणाच्या रूपात असलं, तर किलोभरही पुरतं, कारण पाणी न्यूट्रॉनना मंद करतं आणि मंद न्यूट्रॉन केंद्र जास्त सहज फोडतात. आकार, घनता, शेजार, सगळ्यांवर ते ठरतं. नावात नुसतं ‘वस्तुमान’ आहे, हे त्या नावाचं दुर्दैव.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत एन्रिको फर्मी यांनी ग्रॅफाइट आणि युरेनियमच्या ढिगात हा जमाखर्च पहिल्यांदा जुळवून दाखवला. मिळालेली शक्ती जेमतेम अर्धा वॅट.

ही साखळी माणसाच्या हातात राहते ती एका निसर्गदत्त सवलतीमुळे. युरेनियम-२३५च्या विखंडनातले सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा येतात, काही तर मिनिटभरानेही. भट्टीचा तोल या उशिरा येणाऱ्यांच्या भरवशावर ठेवतात, म्हणून न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे सरकवायला वेळ मिळतो. हे थोडे न्यूट्रॉन नसते, तर अणुवीज जवळपास अशक्य होती. या विषयात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

‘अप्सरा’ पाण्याच्या तलावातली, १ मेगावॅटची भट्टी. इंधन ब्रिटनमधून आलं, पण रचना आणि बांधणी होमी भाभांच्या इथल्या चमूची, आणि तीही वर्षा-दीड वर्षात. पाण्यातली निळी आभा पाहून नाव दिलं पंडित नेहरूंनी.

पुढे ट्रॉम्बेने हाच तोल वेगवेगळ्या साहित्याने साधला: १९६०मध्ये ‘सायरस’ने नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याने, १९७२मध्ये ‘पूर्णिमा’ने प्लुटोनियमने, आणि १९८५मध्ये ‘ध्रुव’ने पुन्हा नैसर्गिक युरेनियमने. जुनी ‘अप्सरा’ २००९मध्ये थांबवली. १० सप्टेंबर २०१८ रोजी तिथेच देशी इंधनावरची ‘अप्सरा-यू’ क्रिटिकल झाली.