लुडलोसारख्या गावात जुनं घर घेताय? खिडकी काढायच्या आधी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटचं बघा

इंग्लंडमधल्या श्रॉपशर काउंटीत लुडलो हे जुन्या बाजारपेठेचं गाव आहे, तिथलं फेदर्स हॉटेल १६१९ चं, काळ्या लाकडाच्या चौकटी आणि कोरीवकामाने भरलेलं, ग्रेड वन लिस्टेड, म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत सगळ्यात वरच्या दर्जाचं. पण आजूबाजूच्या गल्ल्यांतली साधी राहती घरंही बरीच ग्रेड टू, म्हणजे त्याच यादीत खालच्या दर्जाची आहेत आणि माणूस अडकतो तो तिथेच, कारण पैसे भरून घर घेतलं की वाटतं आता आपलंच आहे, हवं ते करू.

तसं करता येत नाही. लिस्टिंग नुसतं दर्शनी भिंतीला नसतं, आतला जिना, फायरप्लेस, दारं, सगळं त्यात येतं, आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेलं बांधकामही बहुतेकदा येतं. परवानगीशिवाय, म्हणजे लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट न घेता, रूप बदललं तर सरळ गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड, शिवाय आधीच्या मालकाने चोरून केलेलं काम निस्तरायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते आणि त्याला कालमर्यादाच नाही, म्हणून घर घेतानाच वकिलाला जुनी परवानगीपत्रं मागायला सांगा.

अर्ज कुणीही करू शकतं, मालक नसाल तर मालकाला रीतसर कळवावं लागतं. लुडलोसाठी तो श्रॉपशर कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे, जातो, प्लॅनिंग पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतो, आणि फी काहीच नाही. कागद म्हणजे फॉर्म, मालकीचं सर्टिफिकेट, लोकेशन प्लॅन, आत्ताची आणि होणाऱ्या बदलाची ड्रॉइंग्ज, डिझाइन अँड ॲक्सेस स्टेटमेंट (बदल असा का आखला ते सांगणारं), आणि हेरिटेज स्टेटमेंट (घराचं ऐतिहासिक महत्त्व आणि बदलाचा त्यावर परिणाम सांगणारं).

खरी मेहनत या शेवटच्यावर घ्या. समजा जुनी सरकती खिडकी आहे, काच किंचित लाटालाटांची, बाहेरचा रस्ता त्यातून हलल्यासारखा दिसतो, चौकटीचं खालचं लाकूड तेवढं कुजलंय. बिल्डर म्हणेल प्लास्टिकची डबल ग्लेझिंग टाकू, पण त्याला होकार मिळणं फार कठीण. तेवढाच कुजका तुकडा काढून तसंच लाकूड जोडलं, काच तीच ठेवली तर ती दुरुस्ती धरली जाते आणि बहुतेकदा कन्सेंट लागतही नाही, तरी कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरकडून, म्हणजे जुन्या इमारतींचं बघणाऱ्या अधिकाऱ्याकडून, तसं लेखी घ्याच. जास्त बदल हवा असेल तर त्या खिडकीचं महत्त्व काय आणि बदल का टाळता येत नाही हे फोटोंसकट लिहा.

निर्णयाची मुदत साधारण ८ आठवडे. कन्सेंट मिळाली की सहसा ३ वर्षांत काम सुरू करावं लागतं, सोबतच्या अटी नीट वाचा, काही कामं चुन्याच्या मॉर्टरचा नमुना मंजूर झाल्यावरच सुरू करता येतात. नकार आला तर ६ महिन्यांत प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशी अपिलं बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अपील करता येतं.