वाहनताफ्यातील स्थाननोंदीवर मर्यादा

एका मालकाच्या किंवा एका व्यवस्थापनाखालच्या वाहनांवर (मालवाहू ट्रक, बस, टॅक्सी, घरपोच सामानाच्या गाड्या, विक्री प्रतिनिधींना दिलेल्या मोटारी इ.) जीपीएस यंत्र बसवलेले असते. या यंत्राने गाडीच्या ठावठिकाण्याची नोंद केव्हा घ्यावी, किती बारकाईने घ्यावी, ती कोणी पाहावी आणि किती दिवस ठेवावी यांवर घातलेली बंधने येथे अभिप्रेत आहेत. गाडी निर्जीव असली, तरी तिचा माग हा ती चालवणाऱ्याचाच माग असतो, हे या बंधनांमागचे मूळ तत्त्व होय. मराठीत या संदर्भात ‘गोपनीयता’ हा शब्द रूढ होत आहे. परंतु त्याला काहीतरी दडवण्याची छटा आहे. चालकाला दडवायचे काही नसले, तरी कामाबाहेरचा वेळ त्याचा स्वतःचा असतो; म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘खासगीपणा’ हा शब्द योजला आहे.

नोंदीतून काय कळते : ट्रॅकरची प्रत्येक नोंद म्हणजे वेळ, अक्षांश-रेखांश, वेग, दिशा आणि इग्निशन चालू की बंद, एवढी एक ओळ. दर दहा सेकंदांना एक ओळ धरली, तर आठ तासांच्या पाळीत २,८८० ओळी साठतात. यांतील सर्वांत बोलकी ओळ धावत्या गाडीची नव्हे, थांबलेल्या गाडीची असते. रात्री ९:४० ला इग्निशन बंद, पहाटे ५:५० ला चालू, आणि सलग पाच रात्री जागा तीच. ते चालकाचे घर असे समजायला कोणाला विचारावे लागत नाही. दर मंगळवारी जेवणाच्या सुटीत गाडी एखाद्या रुग्णालयाबाहेर, प्रार्थनास्थळाबाहेर किंवा कामगार संघटनेच्या कार्यालयाबाहेर पाऊण तास उभी राहत असेल, तर आजार, श्रद्धा किंवा संघटनेचे सभासदत्व यांचा अंदाज बांधता येतो. मालकाने त्यासाठी ट्रॅकर बसवलेला नसतो. तरीही माहिती त्याच्या सर्व्हरवर जाऊन पडलेली असते.

संशोधक जॉन क्रम यांनी २००७ मध्ये १७२ चालकांच्या जीपीएस नोंदींवरून त्यांच्या घरांचा शोध घेतला, तेव्हा घराच्या स्थानातील मध्यक चूक (निम्म्या चालकांच्या बाबतीत याहून कमी, निम्म्यांच्या बाबतीत जास्त) सुमारे ६० मीटर आली. द मोंज्वा व त्यांचे सहकारी यांच्या २०१३ च्या अभ्यासात १५ लाख माणसांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. स्थळ-काळाचे केवळ चार बिंदू ठाऊक असले, तरी त्यांतील ९५ टक्के माणसे इतरांहून वेगळी काढता येतात असे दिसले. त्यामुळे ‘नावे काढून टाकली आहेत’ हा खुलासा पुरेसा ठरत नाही. न्यूयॉर्क शहरातील टॅक्सींच्या २०१३ मधील १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये खुली झाली. तीत टॅक्सी व चालक यांचे परवाना क्रमांक एमडी५ या गणिती पद्धतीने झाकले होते. पण परवाना क्रमांकांचे साचे ठरलेले व मोजके असल्याने सर्व शक्य क्रमांकांची आकडेमोड करून झाकण काही तासांतच काढता आले.

पूर्वपीठिका : या कल्पनेचा उगम नेमका कोठला, याबाबत एकवाक्यता नाही. उपग्रहाधारित मागापासून इतिहास सुरू करणारे १९८८ हे वर्ष धरतात; त्या वर्षी क्वालकॉम या अमेरिकी कंपनीची ऑम्नीट्रॅक्स ही ट्रकसाठीची उपग्रह-संदेश सेवा सुरू झाली. जीपीएस पूर्णतः कार्यान्वित झाली ती १९९५ मध्ये. नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या प्रारंभी काढून टाकली, आणि सुमारे १०० मीटरची अचूकता वीस मीटरच्या आत आली. गाडी कोणत्या गावात आहे यापुढे जाऊन ती कोणत्या दारासमोर उभी आहे हे समजू लागले ते तेव्हापासून. त्यामुळे खासगीपणाचा प्रश्न त्याआधी नव्हताच, असे काहींचे म्हणणे असते.

ही मांडणी अपुरी वाटते. ट्रकच्या केबिनमधील टॅकोग्राफ त्याहून बराच जुना आहे. मेणाचा थर दिलेल्या कागदी चकतीवर तो चोवीस तासांतील वेग, अंतर, चालवण्याचा व विश्रांतीचा काळ सुईने कोरत असे. गाडी किती वेळ चालली ते ही चकती सांगे, कोठे चालली ते सांगत नसे. तरीही ब्रिटनमधील ट्रकचालक तिला केबिनमधला हेर म्हणत. तेथील विरोध इतका होता, की यंत्राची सक्ती न केल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने फेब्रुवारी १९७९ मध्ये ब्रिटनविरुद्ध निर्णय दिला. म्हणजे वाद जागेच्या आधी वेळेवरून पेटला होता.

१९७० या एकाच वर्षातील तीन घटना येथे शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. युरोपीय आर्थिक समुदायाने टॅकोग्राफविषयीचा १४६३/७० हा विनियम काढला, जर्मनीतील हेसन राज्याने माहिती-संरक्षणाचा पहिला कायदा केला, आणि इटलीच्या कामगार संहितेतील (कायदा क्र. ३००) चौथ्या कलमाने कामगारांवर दुरून नजर ठेवणाऱ्या यंत्रांना बंदी घातली, व इतर गरजेपोटी बसवलेल्या यंत्रातून अशी नजर ठेवली जाण्याची शक्यता असेल तेथे कामगार प्रतिनिधींची संमती आवश्यक केली. जर्मनीच्या १९७२ च्या कायद्याने कर्मचारी मंडळाला असाच अधिकार दिला. स्थाननोंदीवरील मर्यादेचे मूळ हेसनमध्ये, म्हणजे माहितीच्या कायद्यात, शोधण्याकडे अलीकडचा कल आहे. तथापि बंधनांचे प्रत्यक्ष स्वरूप पाहिल्यास (पाळीच्या आत व बाहेर, विश्रांती, प्रतिनिधींची संमती) ते कामगार कायद्याच्या इटालियन धाग्याशी अधिक जुळते. चालक हा केवळ ‘माहितीचा विषय’ नसून रोजगारावर असलेला माणूस आहे. ‘नाही’ म्हणायची त्याची ताकद तोकडी असते, हे तो धागा विसरू देत नाही.

मर्यादेचे तंत्र : मर्यादा तीन ठिकाणी घालता येते : यंत्रात नोंद होतानाच, सर्व्हरवर साठवताना किंवा पडद्यावर दाखवताना. बाजारातील बहुतेक ‘खासगी मोड’ तिसऱ्या प्रकारचे असतात, असा अनुभव आहे. पडद्यावरचा ठिपका करडा होतो, पण ओळ सर्व्हरवर साठतच राहते आणि पुढे कोणीतरी ती काढून पाहू शकतो. जी ओळ लिहिलीच गेली नाही ती मागता येत नाही, चोरता येत नाही आणि न्यायालयातही बोलावता येत नाही. म्हणून पहिल्या प्रकाराला प्राधान्य द्यावे.

वेळेची मर्यादा सर्वांत सोपी. डॅशबोर्डवरील कळ दाबली किंवा चालकाने आपले कार्ड काढले, की नोंद थांबते व पाळी सुरू झाल्यावर पुन्हा लागते. कळीच्या शेजारी एक दिवा असावा आणि तो यंत्राच्या प्रत्यक्ष स्थितीला जोडलेला असावा. नाहीतर नोंद थांबली की नाही हे चालकाला कधीच समजत नाही. खासगी वापराचे पैसे कापायचे असतील, तर त्यासाठी मार्ग ठाऊक असण्याची गरज नसते. पाळी संपतानाचा व पुढची सुरू होतानाचा किलोमीटरचा आकडा घेऊन वजाबाकी केली की हिशेब पुरा होतो.

बारकाईची मर्यादा अधिक विचार करायला लावते. अक्षांशाचा एक दशांश अंश म्हणजे सुमारे ११ किमी., एक शतांश म्हणजे १.१ किमी., एक सहस्रांश म्हणजे ११० मी. (रेखांशाच्या बाबतीत विषुववृत्तापासून दूर जावे तसे हे अंतर घटते.) मागचे अंक छाटले, की गाडी एका चौकटीत आहे एवढेच कळते. याऐवजी प्रत्येक नोंदीत यदृच्छ (कोणत्याही नियमाविना, कमी-जास्त होणारी) चूक मिसळण्याचा उपाय सुचवला जातो. त्यात एक खोच आहे. समजा, प्रत्येक रात्रीच्या नोंदीत सुमारे ५०० मीटरची स्वतंत्र चूक मिसळली. सरासरीतील चूक नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने घटते; म्हणून २५ रात्रींची सरासरी घेतल्यास ती १०० मीटर आणि १०० रात्रींची घेतल्यास ५० मीटर उरते. तीन-चार महिन्यांत घर पुन्हा उघडे पडते. छाटणीत रोज तीच चौकट येत असल्याने सरासरीचा उपयोग होत नाही. मात्र विरळ वस्तीत एका चौकटीत एकच घर असू शकते. तेथे चौकट मोठी घ्यावी लागते. घराभोवती वर्तुळ आखून आतल्या नोंदी गाळताना वर्तुळाचा केंद्र घरावरच ठेवला, तर तुटलेल्या मार्गांची टोके मिळून ते वर्तुळ रेखाटतात आणि केंद्र शोधणे हे शालेय भूमितीचे काम उरते. केंद्र एकदाच, यदृच्छेने, बाजूला सरकवून कायम ठेवावा.

गाडी चोरीस गेली किंवा अपघात झाला तर काय, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागते. ताजी जागा यंत्राच्या स्मृतीत तेवढी ठेवून ती सतत पुसली जाईल आणि संकटाची कळ दाबल्यावर किंवा चोरीची तक्रार नोंदवल्यावरच बाहेर पाठवली जाईल, अशी रचना करता येते. कोणी, केव्हा व कशासाठी ती जागा मागितली याची वेगळी नोंद राहावी आणि ती चालकाला पाहता यावी.

कायद्यातील तरतुदी : सक्तीच्या यंत्रांचे नियमही विरळ नोंदीवर भागवतात, ही बाब सहसा नजरेआड होते. युरोपीय संघाच्या १६५/२०१४ या विनियमानुसार जून २०१९ पासून नव्या वाहनांत आलेला स्मार्ट टॅकोग्राफ दिवसाच्या कामाचा आरंभ, शेवट आणि चालवण्याचे दर तीन तास पुरे झाल्यावर जागा नोंदवतो; सीमा ओलांडणे आणि माल चढवणे-उतरवणे हे क्षण २०२० च्या दुरुस्तीने त्यात आले. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या इलेक्ट्रॉनिक लॉगबुकच्या नियमात कामावर असताना सुमारे एक मैलाची आणि गाडी खासगी कामासाठी वापरताना सुमारे दहा मैलांची बारकाई ठेवली आहे. वर सांगितलेली अंकांची छाटणी ती हीच. त्याआधीचा २०१० चा नियम चालकांच्या छळाचा विचार न केल्यामुळे तेथील अपील न्यायालयाने २०११ मध्ये रद्द ठरवला होता. मात्र एक व दहा मैलांचे हे बंधन सरकारी नोंदीपुरते आहे. मालक स्वतःसाठी याहून बारीक माग ठेवू शकतो.

फ्रान्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने (सीएनआयएल) २००६ मध्ये याविषयी शिफारशी केल्या व २०१५ मध्ये त्या कडक केल्या. कामाच्या वेळेबाहेर व सुटीत यंत्र बंद करण्याची सोय चालकाला हवी. नोंदी सामान्यतः दोन महिने ठेवाव्यात. कामगार प्रतिनिधींचा संघटनेच्या कामासाठीचा प्रवास टिपू नये. यंत्र वारंवार किंवा फार वेळ बंद राहिल्यास मालक कारण विचारू शकतो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये असेही ठरवले, की ज्या विक्री प्रतिनिधीला आपले काम स्वतः आखण्याची मोकळीक आहे त्याचा वेळ मोजण्यासाठी माग ठेवणे समर्थनीय नाही. युरोपीय माहिती-संरक्षण कार्यगटाच्या २०१७ च्या मतानुसार यंत्र बसवल्याची सूचना चालकाच्या नजरेसमोर लावलेली असावी.

न्यायनिर्णय एका दिशेचे नाहीत. जर्मनीतील लूनेबुर्ग येथील प्रशासकीय न्यायालयाने २०१९ मध्ये एका सफाई कंपनीच्या गाड्यांचा, १५० दिवस नोंदी साठवणारा माग बेकायदा ठरवला. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने २०१३ मध्ये एका राज्य कर्मचाऱ्याच्या प्रकरणात माग ठेवायला हरकत घेतली नाही. परंतु तो रात्री, आठवड्याच्या सुटीत आणि कुटुंबासह प्रवासातही चालू राहिल्याने अवाजवी मानला. याउलट, पोर्तुगालमधील एका औषध विक्री प्रतिनिधीच्या प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हक्कभंग झाला नाही असे म्हटले. त्या निर्णयाचा आधार महत्त्वाचा आहे : देशातील अपील न्यायालयाने स्थाननोंदी बाजूला ठेवून केवळ अंतराची माहिती ग्राह्य धरली होती. किलोमीटरची वजाबाकी पुरेशी असते, याला न्यायालयीन आधार मिळाला तो असा.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५एच हा नियम व एआयएस-१४० हे मानक यांनी सार्वजनिक सेवा वाहनांत स्थानदर्शक यंत्र व संकटकळ आणली. रोख प्रवाशांच्या सुरक्षिततेवर आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमाने रोजगाराच्या प्रयोजनासाठी संमतीविना माहिती वापरण्यास वाव ठेवला आहे.

मर्यादा नसते तेव्हा : कळ नसलेल्या गाडीत चालक स्वतः कळ शोधतो. अँटेनावर पातळ पत्रा गुंडाळणे हा साधा प्रकार. सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारा जॅमर हा घातक प्रकार. जीपीएसचा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की मुठीएवढे उपकरणही तो आसपासच्या परिसरात दडपू शकते. २०१२ मध्ये अमेरिकेतील नेवार्क विमानतळावरील जीपीएस-आधारित विमान-उतरण प्रणालीत अडथळा आला, तेव्हा त्याचा उगम एका कंपनीच्या पिकअप ट्रकमध्ये सापडला. मालकाच्या ट्रॅकरपासून लपण्यासाठी चालकाने जॅमर लावला होता. त्याला ३१,८७५ डॉलर दंड प्रस्तावित झाला. जॅमर सर्वथा निषिद्धच आहे. पण प्रत्येक वेळी दोष केवळ चालकाच्या माथी मारून हा प्रश्न सुटलेला नाही.

स्वतःची गाडी घेऊन ॲपवर काम करणाऱ्या चालकांची स्थिती वेगळी. तेथे ताफा कोणाच्याच मालकीचा नसतो आणि माग गाडीत नसून फोनमध्ये असतो. युरोपीय संघाच्या २०२४/२८३१ या निर्देशाने, चालक काम करत नसताना किंवा कामासाठी उपलब्ध नसताना त्याची कोणतीही वैयक्तिक माहिती गोळा करण्यास ॲपचालक कंपन्यांना मनाई केली असून सदस्य देशांना अंमलबजावणीसाठी २ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत दिली आहे.