नेत्रिका, हौशी दुर्बिणीची

वस्तुभिंगाने (दुर्बिणीच्या पुढच्या टोकाच्या मुख्य भिंगाने) किंवा आरशाने तयार झालेली प्रतिमा मोठी करून दाखवणारी भिंगांची जोडणी. बोलण्यात सर्वत्र ‘आयपीस’.

पहिली बहिर्गोल नेत्रिका कोणाची, याबाबत मतभेद आहेत. गॅलिलीओ यांच्या १६०९ च्या दुर्बिणीतील नेत्रिका अंतर्गोल होती. प्रतिमा सुलटी दिसे, पण दृश्यक्षेत्र फार अरुंद असे. बहिर्गोल नेत्रिकेची उपपत्ती केप्लर यांनी १६११ मध्ये मांडली. अशी दुर्बीण आपण १६०८ मध्येच बनवली होती, असे नेपल्सच्या फ्रान्चेस्को फोन्ताना यांनी १६४६ मध्ये लिहिले. दावा अडतीस वर्षांनंतरचा असल्याने केप्लर यांची उपपत्ती आणि जर्मन खगोलज्ञ शायनर यांनी केलेला वापर यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. हायगेन्स यांची दोन भिंगांची रचना साधारणतः १६६२ च्या सुमाराची मानतात. त्यानंतर रॅम्सडेन (१७८० चे दशक), केल्नर (१८४९) व प्लोसल (१८६०) यांच्या रचना आल्या. आज नवशिक्याने प्लोसल घ्यावी.

दुर्बिणीच्या केंद्रांतराला (भिंगापासून किंवा आरशापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे पडते तिथपर्यंतच्या अंतराला) नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागले की विवर्धन, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते ते, मिळते. उपयुक्त विवर्धनाची मर्यादा मात्र वस्तुभिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते : व्यासाच्या दर मिलिमीटरला सुमारे दोन पट. ६० मिमी. व्यासाच्या, ७०० मिमी. केंद्रांतराच्या दुर्बिणीसोबत ४ मिमी.ची नेत्रिका दिलेली असेल, तर विवर्धन १७५ पट होते. मर्यादा १२० ची. प्रतिमा अंधूक व पसरट दिसते आणि दुर्बीण भेट मिळालेले लहान मूल ती कायमची बाजूला ठेवते. हे नुकसान मोठे आहे. २५ मिमी.च्या नेत्रिकेतून तीच दुर्बीण २८ पटींनी कृत्तिका सुरेख दाखवते.

सातारा (अक्षांश सुमारे १७°४१′ उ.) येथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंशांवर असतो. विषुववृत्तीय बैठकीचा (जिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो अशा बैठकीचा) अक्ष इतका खाली झुकवला, की काही स्वस्त बैठकींत तोलाचे वजन तिपाईच्या पायाला अडते. म्हणून १३० ते १५० मिमी.ची डॉब्सन बैठकीवरील (आडवी-उभी फिरणाऱ्या साध्या बैठकीवरील) परावर्ती, म्हणजे आरशाची, दुर्बीण येथे अधिक सोयीची. अक्षांश कमी असल्याचा लाभही आहे : मे महिन्यात नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेस सुमारे २५ अंश वर येतो. कासच्या पठारासारख्या मोकळ्या जागेवरून तो २५ मिमी.ने शोधावा, मग १० मिमी. लावावी.

जिल्ह्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. नेत्रिका सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि पुसण्याआधी धूळ फुंकणीने उडवावी; कणांसकट पुसल्यास भिंगावरील पातळ लेपावर ओरखडे उठतात.